दहापट खारट पाणी

तो फोटो मी काढलाय. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे ज्यांना ज्यांना मी शिव्या घालणार आहे त्यांच्या रांगेत पहिला नंबर माझाच आहे.

रविवारी वर्सोव्याला दादाकडे जेवायला गेले होते. दादा म्हणजे चंदर, माझा सख्खा मोठा भाऊ. चार वर्षांपूर्वी मे महिन्यात बोट किनाऱ्यावर ओढून रंगवायला घेतली होती, तेव्हा शिडीवरून पाठीवर पडला. खाली सिमेंट. मणका मोडला आणि पाय गेले. म्हणजे आहेत दोन्ही, पण हलत नाहीत. जेवणं झाली, ताटं उचलली आणि निशावहिनीनं एक गुळगुळीत निळी फाईल माझ्या मांडीवर आणून ठेवली.

"गुरुवारची तारीख मिळाली," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर असं हसू मी त्यांच्या लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होते.

फाईलवर तो फोटो. काळोखात चमकणाऱ्या हिरव्या पेशी, मधे बारीक गोळा आणि चहूबाजूंनी लांब लांब फांद्या. शाळेच्या पुस्तकात नसांच्या पेशीचं चित्र असतं ना, हुबेहूब तशा. उजव्या कोपऱ्यात धुळीचा एक कण. तो कण माझ्याकडून पुसायचा राहिला होता, म्हणून तर मी फोटो ओळखला. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'तुमच्याच हाडांतल्या पेशी, तुमच्याच नव्या नसा.'

तळपायाची आग मस्तकात गेली.

"वलखलंस का?" दादा पलंगावरून ओरडला. "तुझाच फोटू हाय! मी त्या डॉक्टरला बोललू, ही माझी भन हाय म्हनून. तो पन खूश झाला."

मी गोरेगावला एका संशोधन संस्थेत टेक्निशियन आहे. पेशी वाढवणं हे माझं काम. माणसाच्या हाडात जो मगज असतो, ज्याला डॉक्टर बोन मॅरो म्हणतात, त्यात काही मूळ पेशी असतात. त्या बशीत वाढवायच्या, त्यांच्यावर अमुक रसायन तमुक वेळ घालायचं, आणि त्यांनी आपला धंदा सोडून नसांच्या पेशी व्हावं म्हणून त्यांची मनधरणी करायची. हा आमचा प्रकल्प. दादा पडल्यावर सहा महिन्यांनी आमच्या बशीत तो चमत्कार दिसला. पाच तासांत! सकाळी चपट्या, पसरट पेशी होत्या, दुपारी फांद्या फुटलेल्या. मी नाचायचीच बाकी होते. त्याच संध्याकाळी फोन घेऊन मी वर्सोव्याला धावले आणि दादाच्या नाकासमोर धरला. म्हटलं, बघ, हाडातल्या पेशींच्या नसा केल्या आम्ही. तुझ्या पाठीत हेच तर तुटलंय.

आय दुसऱ्या दिवशी बाजारात टोपलीवर बसून सगळ्यांना सांगत होती, माझ्या पोरीनं औषध काढलं. सखुबाईच्या पोरीनं औषध काढलं हे वर्सोव्यात पापलेटच्या भावापेक्षा लवकर पसरलं. मी कुणालाच अडवलं नाही. बरं वाटत होतं ना! आख्ख्या कोळीवाड्यात सूक्ष्मदर्शकात डोकावणारी मी एकटी.

"दादा, हे करू नकोस," मी म्हटलं.

"का?"

"पाठीत सुई घालणार ते. धोका असतो. इन्फेक्शन होईल. बाहेरच्या देशात असल्या सुईनंतर मणक्यात गाठी वाढल्यात लोकांच्या, मी वाचलंय."

"मग तुझ्या पेशी कशाला केल्यास? माशांना घालायला?"

वहिनी हसली. खरं कारण जिभेच्या टोकावर होतं आणि मी ते गिळलं. आता हे लिहितानासुद्धा स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

दादाचं सगळंच गेलेलं नाही, हे समजून घ्या. त्याला डाव्या मांडीला हात लावलेला कळतो. आणि लघवी लागली की कळते. हसू नका. ज्यांना कळत नाही त्यांना विचारा, त्या एका गोष्टीवर माणसाची आख्खी इभ्रत उभी असते. त्याला नळी नको, लंगोट नको, तो वहिनीला हाक मारतो आणि भांडं मागतो. तेवढं त्याचं राज्य उरलंय. गुरुवारी कुणीतरी त्याच पाठीत सुई खुपसणार, माझ्या फोटोच्या भरवशावर, आणि तेवढंही घालवून टाकणार. मला रविवार ते गुरुवार चार दिवस होते.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी त्या क्लिनिकात गेले. अंधेरी पश्चिमेला, लिंक रोडला लागून, चौथा मजला, सगळी काच. नाव लिहीत नाही, उगाच त्यांची जाहिरात नको. आत गेल्या गेल्या भिंतीवर माझा फोटो, दाराएवढा. खाली सोफ्यावर माणसं बसलेली. कुणाचा हात थरथरतोय, कुणाची मान एका बाजूला, कुणाची बायको तोंडातली लाळ पुसतेय. आणि सगळी त्या फोटोकडे बघतायत, देवाकडे बघावं तशी.

डॉक्टर केयूर म्हणून एक तरुण माणूस होता. इस्त्रीचा शर्ट, गोड आवाज. मी कोण ते सांगितलं तर उठून उभाच राहिला.

"अगं मनाली, इकडे ये! या त्या, फोटोवाल्या मॅडम!" रिसेप्शनवरच्या मुलीला त्यानं हाक मारली. "मॅडम, एक सेल्फी घेऊ या ना? आपल्या पेजवर टाकतो."

"फोटो काढून टाका भिंतीवरचा," मी म्हटलं.

"काय झालं?"

"त्या नसा नाहीत. त्या पेशी नसा झाल्याच नव्हत्या. चूक होती ती."

त्यानं माझ्याकडे बघितलं. घाबरलाबिबरला नाही हां. शांतपणे खुर्चीत बसला. "रिसर्च पेपर छापून आलाय ना तुमचा? मागे घेतलाय का? नाही ना? मग चूक कसली म्हणता?"

"उपचार म्हणून हे विकायची परवानगीच नाहीये तुम्हाला. फक्त प्रयोग म्हणून करता येतं."

"आम्ही फॉर्मवर सही घेतो प्रत्येकाची. मॅडम, लोकांना फरक पडतो. हातात जोर आला म्हणतात."

"किती जणांच्या? मोजलात?"

"आशा पण औषधच असते," तो म्हणाला, आणि चक्क माझ्यासाठी चहा सांगितला. मी तो चहा तसाच ठेवून उठले. अजून थोडी बसले असते तर कप त्याच्या इस्त्रीवर गेला असता.

चूक कशी झाली ते आता सांगते. पेशी धुवायला आमच्याकडे मिठाचं पाणी असतं. ते दहापट दाट करून बाटल्या भरून ठेवायची पद्धत आहे, म्हणजे जागा कमी लागते. वापरताना एक भाग त्यातलं आणि नऊ भाग साधं पाणी. रोजचं काम, झोपेतही करीन. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी वहिनीचा फोन आला, दादाला लघवीचं इन्फेक्शन होऊन ताप चढलाय, थंडी वाजतेय. त्या घाईत मी नऊ भाग पाणी घालायचं विसरले आणि दहापट खारट पाणी तसंच्या तसं बशीत ओतलं. तेही कुठल्या बशीत? ज्या बशीत काहीच करायचं नसतं त्या. रसायनाच्या बशीशी ताडून बघायला एक साधी बशी ठेवतात, तिच्यात.

फोन ठेवला, चूक ध्यानात आली, वाट लागली म्हणत बशी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. आणि हात थांबला. त्या बशीत पण नसा! तसाच बारीक गोळा, तशाच लांब फांद्या. एक थेंब रसायन न घालता. नुसत्या मिठानं.

मग मी बसून नीट बघितलं. फांद्या फुटत नव्हत्याच. पेशी आकसत होती. खारट पाण्यानं तिचं अंग मधे गोळा होत होतं आणि जिथं जिथं ती बशीला चिकटली होती तिथं तिच्या चिंध्या लोंबत राहत होत्या. त्या चिंध्यांना आम्ही फांद्या म्हणत होतो. ती नस होत नव्हती, ती मरायला टेकली होती! आमचं रसायनही दुसरं काही करत नव्हतं. विष ते विषच. नंतर शोधलं तर कळलं, परदेशात लोकांनी हे आमच्या कितीतरी आधी दाखवून दिलं होतं. साबणाच्या पाण्यानंही होतं म्हणे. ते वाचायची तसदी आमच्यापैकी कुणी घेतली नव्हती. आणि आम्ही घातलेला तो हिरवा रंग? तो ज्या प्रथिनाला चिकटतो ते त्रासलेल्या पेशीतही दिसतं. खरी नस ओळखायची तर ती विजेचा संदेश पाठवते की नाही ते बघायचं. आमच्या पेशींनी कधीही, एकदाही पाठवला नाही.

तेव्हाच मी उत्तरा मॅडमना सांगितलं होतं. मॅडम आमच्या प्रमुख, मुलुंडच्या, तीस वर्षं याच कामात. मला बारावीनंतर हाताला धरून सूक्ष्मदर्शक शिकवला तो त्यांनीच, ते मी नाकारत नाही. त्यांनी बशी बघितली आणि म्हणाल्या, "तुझी चूक झाली ना? मग ती बशी टाकून दे." मी टाकून दिली. महिन्याभरानं पेपर छापून आला, माझ्या फोटोसकट, आणि आभाराच्या यादीत माझं नाव. ते नाव मी घरी नेऊन दाखवलं. विचार करा, काय लायकीची बाई आहे मी.

मंगळवारी पुन्हा मॅडमच्या केबिनमध्ये गेले. निळी फाईल टेबलावर आपटली.

"पेपर मागे घ्या."

त्यांनी चष्मा काढला. "कल्पिता, बस. आपण पेपरात नसा असं कुठेही म्हटलेलं नाही. नसांसारख्या म्हटलंय. लोकांनी पुढे काय करावं ते आपल्या हातात आहे का?"

"सारख्या! मॅडम, तुम्हाला माहीत होतं! मी बशी दाखवली होती तुम्हाला!"

"एका बशीवरून निष्कर्ष काढत नाहीत."

"मग दुसरी का नाही लावली? तिसरी का नाही लावली? मला टाकून दे का म्हणालात?"

"आवाज खाली," त्या म्हणाल्या. "प्रकल्पाचं नूतनीकरण मार्चमध्ये आहे. अकरा मुलं आहेत या प्रयोगशाळेत. त्यांच्या पीएच.डी. आहेत. आणि तू टेक्निशियन आहेस, हे विसरू नकोस."

"माझा भाऊ परवा त्या टेबलावर झोपणार आहे मॅडम!"

त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, "त्याला नको जाऊ म्हणून सांग ना मग." जसं काही मला ते सुचलंच नव्हतं. केबिनचं दार मी इतक्या जोरात लावलं की बाहेरची मुलं उभी राहिली. दोन दिवस कुणी माझ्याशी बोललं नाही, आणि मलाही कुणाशी बोलायचं नव्हतं.

बुधवारी सकाळी लवकर जाऊन मी कातडीच्या पेशींची एक बशी घेतली. टाकून द्यायचीच होती. मुद्दाम कातडीच्या घेतल्या, हाडातल्या नाही, म्हणजे कुणी म्हणायला नको की मूळ पेशींत काहीतरी जादू असते. बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, फोन डोळ्याच्या नळीला टेकवून बांधला आणि दहापट खारट पाणी घातलं. पाऊण तासाचं चित्रण केलं. चांगल्या धडधाकट पेशी माझ्यासमोर आकसत गेल्या, आणि पाऊण तासानंतर बशीत नसाच नसा. मी ते धावतं करून एका मिनिटाचं केलं.

संध्याकाळी वर्सोव्याला गेले. दादाला कापडात गुंडाळलेल्या उशा पाठीला लावून बसवलं होतं. उद्याची तयारी म्हणून वहिनीनं त्याची दाढी केली होती, नवा शर्ट काढून ठेवला होता. मी फोन त्याच्या हातात दिला.

त्यानं एकदा बघितलं. मग पुन्हा बघितलं.

"यात काय घातलंस?"

"मीठ."

"आनि या हाडातल्या?"

"नाही. कातडीच्या. कुठलीही पेशी घे दादा, मीठ घातलं की अशीच दिसते."

तो तिसऱ्यांदा बघू लागला, आणि मला वाटलं आता विचारेल, नीट समजाव. पण समजवायचं काय राहिलं होतं? कोळ्याच्या पोराला मीठ काय करतं ते मी सांगायचं? लहानपणापासून त्यानं मासे खारवलेत. त्यानं फोन खाली ठेवला.

"म्हंजे खारवलेलीच ही," तो म्हणाला. "मेलेली."

"हो."

"आनि तो फोटू?"

"तोही तसाच."

वहिनीचा हात तोंडावर गेला. दादा मात्र माझ्याकडेच बघत होता. माझी आपली आशा, की आता म्हणेल, बरं झालं सांगितलंस, वाचवलंस. त्यानं वेगळंच विचारलं.

"तुना कवा कललं हे?"

खोटं बोलता आलं असतं. काल कळलं म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. "दोन वर्षं झाली," मी म्हटलं.

"दोन वरसं." त्यानं मान हलवली, आणि एकदम ओरडला. असा ओरडला की शेजारची श्वेता दारात आली. "दोन वरसं! तो व्यायामवाला पोरगा येत व्हता ना, खांदे बलकट करा, खुर्चीत आपले आपन बसायला शिका बोलत व्हता! मी हाकलला त्याला! का हाकलला? खुर्ची कशाला पायजे मना, माझी भन नसा बनवते, नसा आल्या की चालतच जाईन बंदरावर! आय बोलली जाली विनायला बस, हात तर चालतात तुझे. मी बोललू, नाय, जाली विनायचं काम बसून खानाऱ्यांचं. मी वाट बघत व्हतू! या पलंगावर सडत वाट बघत व्हतू तुझी!"

मला वाटत होतं तो आळशी झालाय. खरंच सांगते, चारचौघांत बोलले होते मी, दादाला मेहनत नको असते म्हणून.

"त्या डॉक्टरला मी का शिव्या घालू?" दादा म्हणाला. "त्याची माझी वलख चार दिवसांची. तू तर घरची."

"दादा, मला भीती वाटली. आय सगळ्यांना सांगून बसली होती…"

"तुझी लाज राखायला माझी दोन वरसं घातलीस." त्याचा आवाज आता खाली आला होता, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "जा. घरी जा तुझ्या."

वहिनीनं माझी पर्स आणून माझ्या हातात दिली. ती रडत होती, पण दार तिनंच उघडलं. कांदिवलीला घरी पोचेपर्यंत मी स्वतःला, मॅडमना, त्या केयूरला, सगळ्यांना मनातल्या मनात असल्या शिव्या दिल्या की आयनं ऐकल्या असत्या तर तोंडात मीठ कोंबलं असतं.

गुरुवारी सकाळी नऊला वहिनीचा फोन. "ते निघालेत. दादूच्या टेम्पोतून. तुला थेट क्लिनिकात ये बोलले."

मी किंचाळलेच. "निघालेत म्हणजे? एवढं दाखवून? एवढं बोलून?"

"मना काय ठाऊक नाय. मी पन येतेय सोबत," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

रिक्षात बसून मी दादाला अकरा फोन केले. एकही उचलला नाही. चौथ्या मजल्यावर पोचले तर दादू, आमचा चुलतभाऊ, दादाला प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून आत आणत होता. दादूच्या अंगाला मासळीचा वास, बर्फाचं पाणी पँटवरून ठिबकत होतं, आणि ती मनाली नाकाला रुमाल लावून फरशीकडे बघत होती. दादानं नवा शर्ट घातला होता. सोफ्यावर सात-आठ माणसं होती. त्यांच्या बरोबर मधे त्यानं खुर्ची ठेवायला लावली.

"दादा, चल घरी. तुझ्या पाया पडते मी," मी म्हटलं.

"गप," तो म्हणाला. "फोन काढ."

"काय?"

"मना दाखवलंस ते यांना दाखव. आनि मना बोललीस ते यांना बोल. सगलं. दोन वरसांचं पन."

मी त्याच्याकडे बघितलं. तो गंमत करत नव्हता. समोर ती सगळी माणसं होती. बायकोला लकव्याचा झटका येऊन गेलेले एक म्हातारे, थरथरत्या हाताचा एक मास्तरसारखा माणूस, आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलीला मांडीवर आडवी घेतलेली एक बाई. मुलीची मान आईच्या कोपरावर लोंबत होती.

"बोल ना!" दादा ओरडला. "आता का दातखील बसली?"

मग मी बोलले. तो फोटो मी काढलाय म्हटलं. त्या नसा नाहीत, मरणाऱ्या पेशी आहेत. मिठानंही होतात. हे बघा. मला दोन वर्षांपासून माहीत होतं आणि मी कुणाला सांगितलं नाही, कारण मला लाज वाटत होती. फोन हातोहात फिरवला. हाडातल्या मूळ पेशी खोट्या नाहीत, रक्ताच्या कॅन्सरला त्यांनीच माणसं वाचतात, पण त्यांच्या नसा झाल्याचं इथं कुणी दाखवलेलं नाही, असंही सांगितलं.

शिव्या कुणाला पडल्या असतील? मला! थरथरत्या हाताचे मास्तर उठूनच उभे राहिले. "तुम्ही कोण सांगणाऱ्या? सात महिने थांबलोय आम्ही या तारखेसाठी! बाहेर व्हा!" दुसरं कोणीतरी म्हणालं, समोरच्या क्लिनिकनं पाठवलं असेल हिला. केयूर आतून धावत आला, आता आवाजात गोडवाबिडवा काही नव्हता, वॉचमनला बोलवा म्हणून मनालीवर खेकसत होता.

मांडीवर मुलगी असलेली बाई मात्र फोन धरूनच बसली होती. तिनं विचारलं, "मग आम्ही काय करायचं, ताई?"

"आत जाऊ नका," मी म्हटलं.

"ते कळलं. काय करायचं ते विचारतेय मी."

खोटं उत्तर माझ्याकडे साडेतीन वर्षं होतं आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं होतं. खरं काहीच नव्हतं. तेवढ्यात आतून तिच्या मुलीचं नाव पुकारलं. तिनं फोन माझ्या हातात परत दिला, मुलीला खांद्यावर घेतलं, आणि आत गेली. मी दारापर्यंत धावले. "अहो नका ना जाऊ! ऐका माझं!" दार बंद झालं. मी त्या काचेवर मुठी मारत राहिले, वॉचमननं दंडाला धरून मागे ओढेपर्यंत.

बायकोला झटका आलेले म्हातारे तेवढे उठले. बायकोची शाल सारखी केली, फाईल काखेत मारली आणि लिफ्टचं बटण दाबलं. सात-आठांतले ते दोघंच.

दादाचं नाव तेवढ्यात पुकारलं. "चंदर नाय आला म्हनून लिव," तो मनालीला म्हणाला.

खाली फूटपाथवर दादूनं त्याला टेम्पोच्या मागे बसवलं. वहिनी त्याच्या पायांवर चादर नीट करत होती. मी थोडी लांबच उभी होते. आता काय बोलणार, आणि कुठल्या तोंडानं? शेवटी धीर करून जवळ गेले.

"दादा, माझं चुकलं."

"चुकलंच," तो म्हणाला. "मना राग हाय तुझा. तो जायाचा नाय, सांगून ठेवतू. मेलू तरी जायाचा नाय." त्यानं वर चौथ्या मजल्याच्या काचांकडे बघितलं. "ती पोरगी गेली आत."

"हो."

"फकस्त दोघंच उठले."

"हो."

दादूनं टेम्पोचं मागचं फळकुट लावायला घेतलं तर हातानं थांबवलं.

"हा उघडतो कवा रोज?" त्यानं विचारलं.

"दहाला."

"मग उद्या साडेनवाला ये," दादा म्हणाला. "आनि रजा टाक. एका दिवसाचं काम नाय ह्ये."